दारातली चिठ्ठी आणि मुठीला अडकवलेली पाटी

या वेळचे पत्र सांगलीच्या एका वाचक भगिनीचे आहे. ते थोडे आटोपशीर करून देत आहे.

«मी विश्रामबागेत लहानाची मोठी झाले. लग्नानंतर आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याबरोबर जर्मनीत श्टुटगार्टला आले आणि तीन महिन्यांपासून इथल्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. भाषा कामापुरती येते. थंडीची सवय झाली, ब्रेडची झाली, चार वाजता पडणाऱ्या अंधाराचीही झाली. माणसांची होत नाही. एका रविवारी दुपारी मी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होते. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीत चिठ्ठी सापडली : ‘रविवारी तुमच्या घरातून ठोकण्याचा आवाज येतो. कृपया इमारतीचे नियम वाचावेत. मैत्रीपूर्ण नमस्कारांसह.’ खाली समोरच्या बाईंचे आडनाव होते. चार पावलांवर त्यांचे दार आहे, येऊन सांगता येत नव्हते का? आणि वर मैत्रीपूर्ण नमस्कार! त्याच आठवड्यात आमच्या दाराच्या मुठीला कुणीतरी ‘झाडण्याचा आठवडा’ अशी पाटी अडकवून गेले. जिना आम्हीच घाण करतो, असे त्यांना म्हणायचे असेल का? माझ्या वाढदिवसाला कामावर कुणी काही केले नाही. एका सहकारिणीच्या घरी गेले, तिने केक पुढे केला, मी ‘डांके’ (धन्यवाद) म्हणाले आणि तिने ताट सरळ पुढच्या माणसाकडे नेले. आई फोनवर म्हणते, ‘माणूसघाणी माणसं ती, तू आपली परत ये.’ आता एप्रिलमध्ये सासू-सासरे तीन महिन्यांसाठी येणार आहेत. सासरे रोज पहाटे साडेपाचला घंटा वाजवून पूजा करतात. मी आत्तापासूनच धास्तावले आहे. माणसाने किती बदलायचे आणि कुठे थांबायचे?»

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या चिठ्ठीपाशी थांबले. ती तुमच्या मनाला का लागली हे मला पुरते कळते. आपल्याकडे शेजाऱ्याशी काही बिनसले तर आधी बोलणे होते, मग कुणा तिसऱ्याच्या कानावर घातले जाते, मग चार दिवस अबोला, आणि एवढे सगळे होऊनही काही निष्पन्न झाले नाही तरच कागद येतो. गोष्ट लेखी झाली म्हणजे बोलणे संपले, असा आपला अनुभव आहे. त्यामुळे बोलण्याच्याही आधी कागद आला की आपल्याला वाटते, या माणसाने पहिल्याच पावलाला संबंध तोडला. तुम्ही ज्या गावात राहता तिथे क्रम नेमका उलटा आहे. तिथे चिठ्ठी ही पहिली आणि सर्वांत सौम्य पायरी मानली जाते. समोरच्याच्या दारात अवेळी उभे राहून त्याला तोंडावर काही सांगावे, त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागावे, हे त्यांना जास्त अवघड वाटते. चिठ्ठी माणसाला सवडीने वाचता येते आणि कुणाच्या नजरेला नजर न देता चूक दुरुस्त करता येते, असा त्यामागचा विचार असतो. राहिला तो मैत्रीपूर्ण नमस्कार. तो टोमणा नाही. जर्मन पत्राचा तो ठरलेला शेवट आहे, बँकेच्या पत्रालाही असतो आणि वीजबिलाच्या पत्रालाही. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ असे, तसेच ते.

मी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात तीन वर्षे राहिले आहे. तिथे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका रविवारी सकाळी घरातल्या रिकाम्या काचेच्या बाटल्या पिशवीत भरून मी कोपऱ्यावरच्या लोखंडी पेटीत टाकायला गेले. तिसरी बाटली आत फुटली तोच वरच्या खिडकीतून एका वृद्ध बाईंनी मला खणखणीत आवाजात सुनावले, की आज रविवार आहे आणि पेटीवर वेळा लिहिल्या आहेत. रस्त्यावर दोन-तीन माणसे होती. मी उरलेल्या बाटल्या घेऊन परत आले आणि दुपारभर रडले. पण माझ्या लक्षात राहिला तो दुसरा दिवस. सकाळी बेकरीत त्याच बाई भेटल्या आणि त्यांनी रोजच्यासारखे नमस्कार म्हटले, थंडी वाढल्याचे सांगितले आणि निघून गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आदल्या दिवसाचा मागमूस नव्हता. सांगलीत एवढे बोलणे झाले असते तर दोन महिने तरी एकमेकींकडे न बघता गेले असते. तिथे तक्रार सांगितली की ती संपते. ती पोटात ठेवून वागण्याची रीत नाही. आपण मात्र ती पोटात ठेवतो आणि समोरच्यानेही ठेवली असेल असे धरून चालतो. तुम्ही गेले कित्येक दिवस त्या बाईंना टाळत असाल, जिन्यात पावले ऐकली तर दाराआड थांबत असाल, तर मला नवल वाटणार नाही. त्यांना त्याचे कारणही कळलेले नसेल.

रविवारचे म्हणाल, तर तो तिथे निव्वळ सुट्टीचा दिवस नाही. रविवार आणि सणाचे दिवस विश्रांतीचे म्हणून कायद्याने राखले जातील, हे कलम १९१९ च्या जर्मन राज्यघटनेत होते आणि १९४९ च्या घटनेने ते जसेच्या तसे कायम ठेवले. म्हणून दुकाने बंद असतात, म्हणून बाटल्यांच्या पेटीवर वेळ लिहिलेली असते आणि म्हणूनच खलबत्ता खटकतो. रोज रात्री १० ते सकाळी ६ शांतता असते, रविवारी दिवसभर असते, आणि काही इमारतींत दुपारीही दोन तास असतात. तुमच्या भाडेकराराला जोडलेली इमारतीची नियमावली नवऱ्याबरोबर बसून एकदा ओळ न ओळ वाचून काढा. त्यातला मूळ मुद्दा असा, की आवाज आपल्या भिंतींच्या आत राहिला पाहिजे. स्वयंपाक करू नये असे कुणी म्हणत नाही. चटणी शनिवारी दुपारी कुटा, खलबत्त्याखाली जुनी सतरंजी चौपदरी घालून ठेवा, आणि कुकरची पहिली शिट्टी यायच्या बेतात असताना आच मंद करा. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचे दार लावून खिडकी सताड उघडा. बाहेर कितीही थंडी असली तरी पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडी खिडकी त्या घरांना हवीच असते, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. एक मात्र कधीही करू नका. धूर जावा म्हणून जिन्याकडचे दार उघडे टाकू नका. वास जिन्यात सोडणे ही तिथे मोठी बेअदबी समजली जाते, आणि नवीन आलेल्या माणसाच्या हातून नेमके तेच होते.

आता पाटी. या पाटीचा तुम्हाला मनस्ताप झाला याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण ही एकच गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर तुमचे कितीतरी दिवस हलके गेले असते. तुमच्या बाजूला या पाळीला केरवोखं म्हणतात. त्या नावातला ‘केर’ आपल्या केरासारखा ऐकू येतो हा योगायोग असावा, पण काम तेच आहे. जिना, जिन्याचा कठडा, पुढचे दार, कुठे कुठे समोरचा पदपथ आणि त्यावरचा बर्फसुद्धा, हे सगळे भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीने झाडायचे आणि पुसायचे. १४९२ मधल्या श्टुटगार्टच्या नगरनियमांतही प्रत्येकाने आपला उकिरडा दर आठवड्याला गावाबाहेर न्यावा असे फर्मान आहे, इतकी ही सवय जुनी. ज्याची पाळी संपते तो ती पाटी पुढच्या दाराला अडकवतो. म्हणजे ती तुमच्या दाराला आली तेव्हा कुणी तुम्हाला घाणेरडे ठरवले नव्हते. तुम्ही आता या जिन्याच्या घरांपैकी एक आहात आणि तुमचा आठवडा आला आहे, एवढेच त्या पाटीने सांगितले. सकाळी उठून उंबरठ्यापुढचे झाडून, सडा घालून मगच चहा ठेवायचा, हे तुम्ही तुमच्या आजीच्या घरी पाहिले असेल. तेच काम तिथे सहा घरांत वाटून घेतलेले आहे. तुमची ती पहिली पाळी पाटीचा अर्थ न कळल्यामुळे तशीच गेली असेल, तर पुढची मनापासून करा. पायऱ्यांचे कोपरे आणि कठड्याच्या खालची पट्टी विसरू नका, लोक नेमके तिथेच बघतात.

केकचे आणि वाढदिवसाचे थोडक्यात सांगते. जर्मनमध्ये कुणी काही देऊ केल्यावर नुसते ‘डांके’ म्हटले की त्याचा अर्थ नको असा होतो. हवे असेल तर ‘या, गेर्नं’, म्हणजे ‘हो, आवडेल’, असे म्हणायचे. तुमच्या सहकारिणीने तुमच्या शब्दाला मान दिला. आपल्यासारखा तीनदा आग्रह करणे तिला असभ्य वाटले असते. वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस असतो त्यानेच कामावर न्यायचा असतो, आणि त्या दिवसाच्या आधी शुभेच्छा देणे तिथे अशुभ मानतात. शाळेत वाढदिवसाला नवा फ्रॉक घालून आपणच चॉकलेटची पिशवी वर्गभर फिरवत होतो, ते आठवा. तुमच्या सहकाऱ्यांना कदाचित असे वाटले असेल, की तुम्हाला वाढदिवस कळू द्यायचा नाही.

तुम्ही विचारता, किती बदलायचे. माझे मत असे आहे, की आपल्याकडे दोन माणसांच्या मध्ये काही आले तर आपण तिसरा माणूस घालतो आणि ते नियम घालतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात आणि मारुती चौकात शिरले, तेव्हा कोण कुणाच्या घरी किती दिवस राहिले, कुणाच्या चुलीवर कुणासाठी भात शिजला, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. तुम्हीही त्या वेळी विश्रामबागेत कुणासाठी तरी अंथरुणे घातली असतील. ज्या शेजारणी न विचारता आपल्या स्वयंपाकघरात शिरतात, त्याच न विचारता मदतीलाही धावतात, आणि आपण दोन्ही गोष्टी एकाच पदरात घेतलेल्या असतात. तुमच्या नव्या शेजारच्या बाई न विचारता आत येणार नाहीत. त्यामुळे त्यांची मदतही न मागता येणार नाही. ती मागावी लागते, स्पष्ट शब्दांत आणि वेळ सांगून. मागितली की बहुधा मिळते, आणि अगदी दिलेल्या वेळेला मिळते. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण मदत मागणे आपल्याला कमीपणाचे वाटते. तुमच्यात काही बदलायचेच असेल तर हे बदला. चटणी, साडी, सण, भाषा, घरातले अहो-जाहो यांतले काहीही बदलण्याची गरज नाही.

त्या लोकांना माणूसघाणे म्हणण्याआधी एकदा तिथल्या डॉक्टरांच्या प्रतीक्षा खोलीत बसून बघा. आत येणारा प्रत्येक अनोळखी माणूस बसलेल्या सगळ्यांना उद्देशून नमस्कार म्हणतो आणि जाताना सगळ्यांचा निरोप घेतो. आपल्याकडच्या दवाखान्यात आपण केसपेपरचा नंबर विचारतो आणि खुर्ची शोधतो. जिन्यातही तसेच आहे. भेटेल त्याला ‘ग्र्यूस गोट’ म्हणा, आडनाव माहीत असेल तर आडनावाने म्हणा, आणि तुम्हीच आधी म्हणा. एकेरी हाक मारायची घाई करू नका. ‘डू’ (तू) म्हणू या, असे सुचवण्याचा मान वयाने मोठ्या माणसाचा असतो. समोरच्यांचे पार्सल ते घरी नसताना आले तर आनंदाने ठेवून घ्या. तिथे कुरिअरवाले बंद घराचे पार्सल शेजारी देऊन चिठ्ठी टाकून जातात, आणि संध्याकाळी ते न्यायला आलेल्या शेजाऱ्याशी दारात होणारी दोन मिनिटांची बोलणी ही ओळखीची खरी सुरुवात असते. माझ्या तिथल्या सगळ्या ओळखी अशाच दारात झाल्या.

मात्र सोसायचे सगळेच नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. रविवारी आवाज नको, हे प्रत्येकाला लागू असलेले बोलणे झाले. ‘तुम्हा लोकांच्या खाण्याला वास येतो’ हे तसे बोलणे नाही. पहिले ऐकून घ्यावे. दुसरे कुणी बोललेच तर तिथल्या तिथे, शांतपणे, हे मला मान्य नाही असे सांगावे, आणि पुन्हा घडले तर तारखेसह लिहून ठेवावे. नोकरीत किंवा घर भाड्याने देताना वंशावरून भेदभाव करण्याला जर्मनीत २००६ पासून स्वतंत्र कायद्याने मनाई आहे. तुमच्या पत्रात मला असे काही दिसले नाही, पण दोन्हींतला फरक तुम्हाला ओळखता आला पाहिजे. नाहीतर एक तर प्रत्येक चिठ्ठी अपमान वाटेल, किंवा खरा अपमानही रीत समजून गिळला जाईल.

सासऱ्यांच्या पूजेचा प्रश्न तुम्ही आत्ताच काढलात हे फार चांगले केले. साडेपाच ही वेळ तिथल्या शांततेच्या तासांत येते. पूजा करायला काहीच हरकत नाही. घंटा आणि मोठ्याने म्हटलेली आरती सहानंतर व्हावी, आणि रविवारी तीही हळू आवाजात. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे सूर्योदयाला पूजा असे म्हटले तर पहिले काही आठवडे आपोआपच निभावून जातील. जूनमध्ये मात्र तो साडेपाचच्या आधीच वर येतो आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो, तेव्हा घड्याळच पाहावे लागेल. धूप आणि कापूर लावताना घरातल्या बोळाच्या छतावरच्या धूरसूचकाचा, म्हणजे धूर झाला की वाजणाऱ्या यंत्राचा, विचार करा. तुमच्या तिथल्या राज्यात झोपण्याच्या खोल्यांत आणि बोळात तो सक्तीचा असतो, आणि पहाटे तो वाजला तर सगळी इमारत जागी होईल. देवघर त्याच्यापासून दूर, खिडकीपाशी मांडा. हे सगळे सासऱ्यांना तुम्ही सांगू नका, तुमच्या नवऱ्याने सांगावे. वडिलांची रीत सुनेने बदलली, असा सल त्यांच्या मनात राहू नये, आणि मुलाने आधीच फोनवर नीट समजावले तर ते निघण्यापूर्वीच मनाची तयारी करून येतील. बॅग भरतानाच त्यांना हेही कळवा, की घरचे तूप, पेढे किंवा दुधाचा कुठलाही पदार्थ प्रवाशाला युरोपात नेता येत नाही आणि ताजा कढीपत्ताही चालत नाही. सासूबाईंनी चार दिवस खपून केलेला जिन्नस विमानतळावर काढून घेतला गेला तर त्यांना ते फार लागेल. शिवाय त्यांच्या अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. तीन महिने म्हणजे ९२ दिवस होऊ शकतात, तेव्हा परतीचे तिकीट काढण्याआधी दिवस मोजा.

आईंविषयी एकच विनंती आहे. तुम्ही दुपारी साडेतीनला फोन करता तेव्हा सांगलीत आत्ता थंडीच्या दिवसांत रात्रीचे आठ वाजलेले असतात, आणि तुम्ही फोन ठेवल्यावर त्या तुमचे शब्द उशाशी घेऊन झोपतात. मनाला लागलेले तेवढेच त्यांच्यापर्यंत पोचते आहे. जिना पुसल्याचे, केक हवा होता म्हणून ‘गेर्नं’ म्हटल्याचेही त्यांना सांगा. त्यांचे ‘परत ये’ तुमच्या रडण्याला दिलेले उत्तर आहे.

आता समोरच्या बाईंचे. पाटी पुन्हा तुमच्याकडे येईल तेव्हा आठवडाभर काम करून शनिवारी दुपारी चारच्या सुमारास जिना पुसा, आणि पुढचे दार त्यांचे असेल तर पाटी मुठीला अडकवून परत फिरू नका, बेल वाजवा. पाटी हातात द्या, चिठ्ठीबद्दल आभार माना, तो आवाज चटणी कुटण्याचा होता हे सांगा आणि त्या चटणीची छोटी बाटली द्या. झाकणावर ‘शेंगदाणा, लसूण, तिखट’ असे जर्मनमध्ये लिहून चिकटवा, कारण काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि न विचारता खायला दिलेले कुणाला अवघड वाटू शकते. मग एप्रिलमध्ये सासू-सासरे येणार आहेत, सकाळी सहानंतर थोडा वेळ घंटेचा आवाज येईल, हे तारखांसह सांगा, आणि ते आल्यानंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवारी साडेतीन ते पाच या वेळात कॉफीला याल का, असे विचारा. त्या डायरी आणायला आत गेल्या तर दारात थांबा. बोलावणे त्यांनी मनावर घेतले असे समजा.